उसनी चाल, आपले शब्द

भीमगीतांवर आमच्या स्टाफरूममध्ये एक आक्षेप हमखास घेतला जातो : सिनेमाच्या चालींवर बेतलेली ही गाणी, यात संस्कृती ती कोणती? आक्षेप घेणारे सज्जन आहेत. नाट्यपदांच्या चाली हिंदुस्थानी चिजांवरून उचलल्या, ती मात्र त्यांच्या लेखी परंपरा!

इंडोनेशियातील 'डांगडुट' संगीताचा इतिहास या संदर्भात पाहण्यासारखा आहे. मलायी वाद्यवृंद, अरबी सूर आणि आपल्या हिंदी चित्रपटांच्या चाली यांतून ते वाढले. ढोलाच्या 'डांग' नि 'डुट' या बोलांवरून पांढरपेशांनी हेटाळणीने त्याला हे नाव दिले. रोमा इरामा हा त्यातला गायक गरीब-श्रीमंतांवर, मानवी हक्कांवर गाऊ लागला, १९७७च्या निवडणुकीत विरोधी पक्षाच्या बाजूने उभा राहिला. सरकारी दूरचित्रवाणीने त्याला १९८८पर्यंत दूर ठेवले. १९९०च्या दशकात मंत्रीच या संगीताला राष्ट्राचे म्हणू लागले. चालीचे उसनेपण तेव्हा कुणाला टोचले नाही. टोचले होते ते शब्द.

आमच्याकडे आंबेडकरी जलशांनी तमाशाचा साचा ठेवला. गणातला गणपती आणि गौळणीतला कृष्ण काढला. वामनदादा कर्डकांचे १९४३मधले पहिले गीत हिंदी गाण्याचे विडंबन होते. वामनदादा मोठेपणी अक्षरे शिकले. माझ्या आजीला तीही शिकता आली नाहीत. महाड याच जिल्ह्यात, पण चवदार तळ्याचा १९२७चा सत्याग्रह तिला कळला तो गाण्यातून. चाल ओळखीची असली की शब्द एका ऐकण्यात पाठ होतात, हे गायन पार्टीतल्या प्रत्येकाला ठाऊक होते. पेटी, ढोलकी, आणि शब्द पुढे.

म्हणूनच माझे भांडण चालीशी नाही; ते आपल्याच माणसांशी आहे. गेल्या १४ एप्रिलला लोधिवलीत मिरवणूक निघाली. टेम्पोवर डीजे. वर्गणी मीही दिली होती, तेव्हा शहाणपणा शिकवण्याचा अधिकार मला थोडा कमीच. गाणे बाबासाहेबांचेच होते, एवढे मधूनमधून समजे. बाकी सारा ठोका. प्रस्थापितांनी ज्या शब्दांना घाबरावे ते शब्द आपणच ठोक्याखाली गाडत आहोत, त्यासाठी कुणा सरकारी बंदीची गरज उरलेली नाही. नाचणाऱ्या पोरांचा आनंद खोटा नव्हता. वर्षभर मान खाली घालून कंपनीत राबणाऱ्यांना रस्ता एक दिवस आपला वाटतो, तो वाटलाच पाहिजे.

माझा एक विद्यार्थी टेम्पोच्या मागे होता. हे गीत कोणाचे, असे मी त्याला विचारले. त्याने कानाला हात लावला. मी पुन्हा, ओरडून विचारले. तो हसला, "जय भीम, सर!" म्हणाला आणि पुढे गेला.