शाहीर आणि त्यांचे हमनवा : लाल बावटा कलापथकाची वाटचाल

मुस्लिम मराठी साहित्याची चर्चा निघाली की शाहीर अमर शेख यांचे नाव घेतल्यावाचून ती पुढे सरकत नाही. श्रीगोंद्याचे संत शेख महंमद, पेशवाईतले शाहीर सगनभाऊ आणि मग थेट अमर शेख, अशी एक माळ आपण ओवून ठेवली आहे. १९९० साली सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले, तेव्हापासून विशेषांकांतून आणि व्यासपीठांवरून ही माळ आपण अनेकदा मिरवली. माळ मिरवायला हरकत नाही. परंतु मिरवताना दोन गोष्टी राहून जातात, असे आम्हांस वाटते. पहिली, अमर शेख यांनी नेमके काय केले याची चिकित्सा होत नाही, फक्त गौरव होतो. दुसरी, त्यांना एकटे उभे केले जाते. वास्तविक त्यांच्या कर्तृत्वाचा सर्वांत तेजस्वी काळ हा एकट्याचा नव्हताच. तो एका मंडळीचा होता आणि त्या मंडळीचे नाव होते लाल बावटा कलापथक.

परदेशात गाणाऱ्या मंडळींचा इतिहास किती बारकाईने लिहितात! लिव्हरपूलच्या बीटल्सचेच पाहा. चार तरुणांची ही मंडळी १९७० साली फुटली, पण कोणते गाणे कोणाचे आणि शब्द कोणी बसवला यावर आजही पुस्तके निघत आहेत. त्यातल्या लेनन आणि मॅकार्टनी या दोघांनी तर एकट्याने रचलेल्या गाण्यांवरही दोघांची नावे घातली, म्हणून संशोधकांना हा उद्योग करावा लागला. आपल्याकडे तीन शाहिरांनी मिळून गिरणगाव हलवला, आणि आपण त्या तिघांना तीन वेगळ्या कप्प्यांत टाकून दिले. अण्णा भाऊ साठे दलित साहित्याच्या कप्प्यात, अमर शेख मुस्लिम साहित्याच्या कप्प्यात. द. ना. गव्हाणकरांना तर कप्पाच मिळाला नाही.

कलापथक १९४४ साली उभे राहिले. तो काळ युद्धाचा, महागाईचा आणि काळ्या बाजाराचा. आदल्याच वर्षी मुंबईत इप्टाची स्थापना झाली होती आणि डाव्या चळवळीला कलेची ताकद उमगली होती. अण्णा भाऊंचा जन्म १९२० सालचा, गाव वाळवा तालुक्यातील वाटेगाव, जात मातंग, शिक्षण म्हणाल तर दीड दिवसाची शाळा. मुंबईत माटुंग्याच्या लेबर कँपात त्यांनी डासांवर पोवाडा रचला आणि पुढे स्टालिनग्राडच्या लढाईवर. डासांपासून स्टालिनग्राडपर्यंतची ही उडी ज्याला घेता येते, त्याला विषय शोधत बसावे लागत नाही. अमर शेख त्यांच्याहून चार वर्षांनी मोठे. बार्शीचे मेहबूब हुसेन पटेल. आई मुनेरबी गाणारी होती, लोकगीतांचा ठेवा त्यांना घरातच मिळाला. बसचा क्लीनर, गिरणीतला कामगार, संपात पुढे झाल्याबद्दल विसापूरचा तुरुंग, नंतर कोल्हापुरात मास्टर विनायकांचा स्टुडिओ, असा त्यांचा प्रवास. ‘अमर शेख’ हे नाव त्यांना कोल्हापूरच्या दिवसांत मिळाले. तिसरे गव्हाणकर, स्वतः रचनाकार आणि स्वतः गाणारेही.

या तिघांचे नाते समजून घ्यायला मराठी समीक्षेतला शब्द अपुरा पडतो. आमच्या बुलडाणा जिल्ह्यात सैलानीच्या यात्रेला आणि ठिकठिकाणच्या उरुसांना कव्वालीच्या पार्ट्या येतात, त्यांची भित्तिपत्रके वाचकांनी पाहिली असतील. त्यावर कव्वालाचे नाव मोठ्या अक्षरात असते आणि खाली बारीक अक्षरात ‘व हमनवा’. हमनवा म्हणजे ज्यांचा सूर एक आहे ते. कव्वाल ओळ फेकतो, हमनवा ती झेलतात, उलटवतात, टाळीवर तापवून त्याच्या हाती परत देतात. पोवाड्यात हेच काम झीलकरी करतात. झीलकऱ्याचा ‘जी जी’ नसेल तर शाहिराला दम घ्यायला जागा उरत नाही. लाल बावटा कलापथकाचे वैशिष्ट्य असे की तेथे तिघेही मुख्य शाहीर होते आणि तिघेही एकमेकांचे हमनवा. अण्णा भाऊंचा शब्द अमर शेख यांच्या पहाडी आवाजात शिरला की तो शब्द कोणाचा हे विचारण्याची गरज गिरणीच्या दारात उभ्या असलेल्या कामगाराला वाटत नसे.

त्यांच्या कामाचे मोल केवळ प्रचारात शोधणाऱ्यांनी तमाशाच्या रचनेत त्यांनी काय बदल केला ते पाहावे. पारंपरिक तमाशा गणाने सुरू होतो, गणपतीला वंदन होते, मग गवळण, मग वग. कलापथकासाठी अण्णा भाऊंनी गण ठेवला, पण वंदन मातृभूमीला, श्रमाला आणि हुतात्म्यांना केले. गवळण काढून टाकली. घाटाला फारसा धक्का न लावता आतला माल बदलायचा, ही ती युक्ती. प्रेक्षक ओळखीच्या दारातून आत येतो आणि अनोळखी घरात पोहोचतो. ‘अकलेची गोष्ट’ सारख्या लोकनाट्यात हे दिसून येते. याच बदलामुळे मंडळीचे दार सर्वांना उघडे झाले, असे आमचे मत आहे. ज्या गणात श्रमाला नमन आहे तो गण मातंगाने रचावा, मुसलमानाने गावा आणि कोणीही ऐकावा.

मुंबईच्या लावणीचे उदाहरण याहून बोलके आहे. पठ्ठे बापूरावांनी आपल्या लावणीत मुंबईचा थाट वर्णिला होता. अण्णा भाऊंनी तोच लावणीचा घाट घेतला आणि मलबार हिलच्या मुंबईशेजारी घाम गाळणारी, उपाशी निजणारी मुंबई आणून उभी केली. त्यांनी बापूरावांशी भांडण मांडले नाही, त्यांचीच पेटी उघडून त्यात दुसरे सूर वाजवले. आमच्या दृष्टीने हा कलापथकाच्या कामातला सर्वांत पक्का नमुना होय. घोषणेची पातळी येथे अगदी खाली आहे आणि निरीक्षण वर आहे. सगळ्या रचनांबद्दल असे म्हणता येत नाही. प्रसंगोपात्त रचलेली काही कवने त्या प्रसंगाबरोबरच विझली. स्टालिनग्राडचा पोवाडा आज वाचताना वीररस जाणवतो, पण त्या रणभूमीशी आपले नाते शब्दाने जुळत नाही, ते आवाजानेच जुळले असणार.

येथे उर्दूचा विषय काढणे भाग आहे. आमच्या उर्दू वर्गांत अली सरदार जाफरी, कैफी आझमी, मख्दूम मोहिउद्दीन ही नावे मुलांच्या कानावर पडतात. जाफरी आणि कैफी हे त्याच मुंबईत, त्याच वर्षांत, त्याच पक्षात काम करीत होते. तरीही उर्दू शाळेतल्या मुलाला अमर शेख कोण हे ठाऊक नसते, आणि मराठी शाळेतल्या मुलाला कैफी केवळ सिनेमातल्या गाण्यांमुळे ठाऊक असतात. ‘शाहीर’ हा शब्द अरबी ‘शाइर’ पासून आला आणि त्याच्या हातातला डफसुद्धा अरबी ‘दफ’, हे वर्गात सांगितले की मुले चमकतात. एकाच शब्दाला दोन पाय फुटले. एक मुशायऱ्याच्या मंचाकडे गेला, दुसरा गावच्या चावडीकडे. उर्दूच्या तरक्कीपसंद शायरांना फार्सीची श्रीमंती होती, पण त्यांचा श्रोता बराचसा तयार श्रोता होता, त्याला शेराची अदब माहीत होती. कलापथकाला श्रोता रस्त्यावर थांबवावा लागे. म्हणून कैफींची कविता कागदावर अधिक टिकते आणि अमर शेख यांचे काम कागदावर अर्धे उरते. दोघांना एकच फूटपट्टी लावणारा समीक्षक दोघांवरही अन्याय करील.

१९४८ नंतर दिवस फिरले. कम्युनिस्टांची धरपकड सुरू झाली आणि मुंबई सरकारने कलापथकाच्या कार्यक्रमांवर बंदी घातली. तमाशावर सरकारची वक्रदृष्टी झाल्यावर अण्णा भाऊंनी आपल्या वगाला ‘लोकनाट्य’ म्हटले आणि खेळ चालू ठेवला. हे नाव आज इतके रूढ आहे की ते बंदीला दिलेले उत्तर होते याचा विसर पडला. बंदीनंतर मात्र मंडळीची वीण सैल झाली. अमर शेख यांनी आपले स्वतंत्र कलापथक चालवले. अण्णा भाऊ कथा-कादंबरीकडे अधिकाधिक वळले. १९५९ साली ‘फकिरा’ आली, तिला राज्य शासनाचा पुरस्कार मिळाला, १९६१ साली ते रशियाला जाऊन आले आणि त्या प्रवासावर पुस्तक लिहिले. अण्णा भाऊंना मंडळीबाहेर दुसरे घर मिळाले, ते गद्याचे. अमर शेख यांना तसे मिळाले का, हा या लेखाचा अवघड प्रश्न आहे.

त्यांनी ‘पहिला बळी’ हे नाटक लिहिले, ‘प्रपंच’ सारख्या चित्रपटात भूमिका केली. ‘कलश’ १९५८ साली आणि ‘धरतीमाता’ १९६३ साली, असे त्यांचे कवितासंग्रह निघाले. आचार्य अत्रे यांनी त्यांना महाराष्ट्राचा मायकोव्हस्की म्हटले आणि पुढे प्रत्येकाने ते वाक्य उचलले. आम्ही या उपाधीकडे जरा सावधपणे पाहतो. मायकोव्हस्की कारखान्यात जाऊन कविता म्हणे हे खरे, पण कागदावर ओळी पायऱ्यांसारख्या तोडून आपला श्वास छापून ठेवण्याची कलाही त्याला साधली होती. अमर शेख यांच्या संग्रहांत आवाहन, संबोधन आणि पुनरुक्ती फार. मंचावर पुनरुक्तीने झीलकऱ्याला जागा मिळते, छापील पानावर झीलकरी नसतो. म्हणून त्यांच्या काही कविता एकट्या पडल्यासारख्या वाटतात, समोर हजारो माणसे आहेत असे धरून बोलणाऱ्या माणसासारख्या. जेथे आई, माती आणि राबणारे हात येतात तेथे मात्र हा आवाज खाली येतो, मुनेरबीच्या गाण्याची आठवण व्हावी इतका. अशा जागा वेचून वाचकांसमोर ठेवणे हे आपल्या अंकांचे काम होते. ते सोडून आपण मुखपृष्ठावर छायाचित्र छापण्यात समाधान मानले.

संयुक्त महाराष्ट्राच्या चळवळीने या शाहिरांना पुन्हा एका मैदानात आणले. आत्माराम पाटलांसारखे इतर शाहीरही त्यात होते. ‘माझी मैना गावावर राहिली’ ही अण्णा भाऊंची छक्कड त्या दिवसांतली. गावी राहिलेल्या बायकोची आठवण काढता काढता मुंबईतला कामगार बेळगाव, कारवारच्या विरहाला येऊन भिडतो. येथे आम्हा वऱ्हाडकरांची अडचण सांगतो. आमचा बुलडाणा १९५६ पर्यंत मध्य प्रदेशात होता आणि १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने तर स्वतंत्र विदर्भाची शिफारस केली होती. बेळगावचे दुःख आमच्याकडे दुरून ऐकू आले. तरीही ही छक्कड आमच्या भागात परकी वाटत नाही, याचे कारण तिचा पहिला अर्धा भाग. मेहकर, लोणारकडून मुंबई, पुणे, सुरतेकडे कामाला जाणारा माणूस त्यात स्वतःला ऐकतो. राजकीय मागणीचा निकाल काहीही लागो, घर सोडून आलेल्या माणसाची हाक तेथे आधी रचलेली आहे. ही तीच मुंबईच्या लावणीची कारागिरी.

यावर कोणी म्हणेल, अमर शेख यांना मंडळीत मिसळून टाकले तर मुस्लिम म्हणून आपल्या हाती काय उरते? प्रश्न वावगा नाही. ज्या समाजाला उठता बसता मराठीपणाचा पुरावा मागितला जातो, त्याला अमर शेख यांचे नाव पुराव्यासारखे हाताशी हवे असते. परंतु पुराव्याच्या कागदाला कोणी वाचत नाही, त्यावरचा शिक्का पाहतात. अमर शेख यांचे आपण असेच केले. बार्शीच्या एका मुसलमान घरातली गाणी घेऊन तो माणूस मातंग कवीच्या शब्दांत शिरला आणि त्यातून गिरणगावाचा आवाज झाला, ही गोष्ट कोणत्याही पुराव्यापेक्षा मोठी आहे, आणि ती अण्णा भाऊंना व गव्हाणकरांना वगळून सांगताच येत नाही. त्यांची कन्या मलिका अमर शेख यांच्या कवितेबद्दलही हेच. तिच्याकडे आपण शाहिरांची लेक, नामदेव ढसाळांची पत्नी म्हणून आधी पाहतो. ‘वाळूचा प्रियकर’ उघडून पाहिले तर तेथे वडिलांचा पहाडी आवाज जवळजवळ नाही, बोलणे हळू आहे, धारदार आहे. बापाचा डफ खाली ठेवून तिने स्वतःचा सूर लावला.

१९६९ च्या पावसाळ्यात ही सगळी पिढी उठून गेली. १३ जूनला अत्रे गेले, १८ जुलैला अण्णा भाऊ, आणि २९ ऑगस्टला इंदापूरजवळच्या अपघातात अमर शेख. अकरा आठवड्यांत तिघे. अण्णा भाऊंच्या निवडक वाङ्मयाचा ग्रंथ शासनाने १९९८ साली काढला, २००२ साली त्यांचे टपाल तिकीट निघाले, २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. हे सर्व योग्यच झाले. आता कलापथकाची कवने, लोकनाट्ये आणि जी काही ध्वनिमुद्रणे मिळतील ती एकत्र लावून, कोणाची रचना, कोणाचा आवाज, कोणाची झील अशी नोंद करणारे एक पुस्तक हवे. त्याच्या मुखपृष्ठावर तिन्ही नावे सारख्याच अक्षरांत असावीत, आणि गव्हाणकरांचे पहिले छापले तरी चालेल.