शोधचिन्हांचा दुहेरी अर्थ

कोशरचनेत चिन्ह हे केवळ विरामासाठी नसते. रा. ल. टर्नर यांच्या भारतीय आर्य भाषांच्या तौलनिक कोशात (१९६२–६६) शब्दाआधी घातलेली तारका तो शब्द प्रत्यक्ष आढळलेला नसून तुलनेने अनुमानिलेला आहे, असे सांगते. हस्तलिखितांच्या सूचीत कालनिर्देशापुढील प्रश्नचिन्ह संपादकाचा संशय नोंदविते. ही चिन्हे निसटली की पुरावा आणि अनुमान यांतील भेदच निसटतो. अशी सामग्री आज पुष्कळदा संगणकीय डेटाबेसमध्ये साठविली जाते. म्हणून त्याची शोधपद्धती या चिन्हांशी कशी वागते, हा प्रश्न निव्वळ तांत्रिक राहत नाही.

मायक्रोसॉफ्टचे ॲक्सेस (१९९२) हे या दृष्टीने तपासण्याजोगे उदाहरण होय. त्याच्या 'लाइक' या शोधक्रियेत तारका म्हणजे कितीही अक्षरे, प्रश्नचिन्ह म्हणजे कोणतेही एक अक्षर आणि # म्हणजे कोणताही एक अंक. ही सोय निःसंशय उपयुक्त आहे. परंतु संशयित कालनिर्देश शोधणाऱ्या अभ्यासकाने *?* असे लिहिले, तर त्या रकान्यात निदान एक अक्षर असलेली प्रत्येक नोंद त्याच्यापुढे येते. चिन्ह चौकोनी कंसात घालून *[?]* असे लिहिल्यासच अभिप्रेत नोंदी मिळतात. अनुमानित शब्दांसाठी, याच न्यायाने, [*]* असे लिहावे लागते.

उपाय सोपा आहे. दोष आहे तो मौनाचा. चुकीच्या प्रश्नालाही हे साधन तितक्याच निर्विकारपणे उत्तर देते, सावधगिरीची सूचना देत नाही. त्यातच एएनएसआय-९२ ही पर्यायी रीत निवडली असल्यास तारकेचे काम % हे चिन्ह करते आणि तारका साधे अक्षर ठरते. मग एरवी निर्दोष असलेले *[?]* सहसा एकही नोंद देत नाही. 'संग्रहात संशयित कालनिर्देश नाहीत' असा निष्कर्ष त्यावरून काढला गेला, तर तो खोटा असूनही संशोधनाच्या वेषात वावरेल.

चिन्हाला निव्वळ चिन्ह मानणारी वाट याच साधनात आहे. 'इनस्ट्र' हे फलन दिलेले अक्षर जसेच्या तसे शोधते. त्याला प्रश्नचिन्ह हे प्रश्नचिन्हच वाटते. यावरून अडचण अपरिहार्य नव्हती, हे स्पष्ट होते.

तथापि सगळा दोष साधनाच्या माथी मारणे न्याय्य नव्हे. शब्दाला तारका चिकटविणे ही छापील पानाची सवय होय. तेथे दुसरी जागाच नसते. डेटाबेसमध्ये 'अनुमानित' किंवा 'संशयित' असा स्वतंत्र रकाना ठेवता येतो. संशय ही माहितीच आहे. तिला शब्दाच्या शेपटाला न बांधता तिची स्वतःची जागा देणे, हे संकलकाचे कर्तव्य ठरते. ते पाळले गेले नाही, तर जतन केलेला संशयही शोधाच्या वेळी हाती लागेलच, याची शाश्वती नाही.