यंत्रारूढ अर्जुन

ईश्वर प्राणिमात्रांस यंत्रावर बसविल्याप्रमाणे फिरवितो, असे गीतेच्या अठराव्या अध्यायातील ६१ वा श्लोक सांगतो. ६३ व्यात मात्र अर्जुनास स्वेच्छेने वागण्याची मोकळीक मिळते. मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘गीतारहस्या’च्या (१९१५) दहाव्या प्रकरणात टिळकांनी या कोड्यास हात घातला आहे. ईश्वर ज्याच्या त्याच्या कर्मानुसार निःपक्षपाताने फळ देतो, मोक्षाची प्रेरणा आत्म्याची स्वतःची, हा त्यांचा निर्णय. युक्तिवाद भक्कम खरा. पण त्यात ईश्वर केवळ हिशेबनीस उरतो, आणि हिशेबनिसाची करुणा कोणी भाकीत नाही, हे आमच्या अधिकारी वाचकांस सांगावयास नको! आम्हांस दुवा ६२ व्या श्लोकात दिसतो. तेथे शरण जाण्यास सांगितले आहे, आणि यंत्राला शरण जाता येत नाही. दहावे प्रकरण वाचताना तो श्लोक शेजारी असावा.