अनियतकालिके आणि वाचकाची जबाबदारी

हल्ली तरुण मंडळींच्या हातांत अधूनमधून एक चिमुकले प्रकाशन दिसते. एकच कागद घडी घालून त्याची आठ पाने केलेली असतात, किंवा झेरॉक्सची दहा-वीस पाने एकत्र करून मध्ये दोन टाचण्या मारलेल्या असतात. आत कविता, चित्रे, एखादे रागाने लिहिलेले टिपण. वर किंमत असते किंवा नसते. पुढचा अंक केव्हा निघेल हे संपादकालाही ठाऊक नसते. या प्रकाराला आता ‘झीन’ म्हणतात. शब्द अमेरिकेतला आहे. विज्ञानकथांचे चाहते स्वतःच्या खर्चाने जी पत्रके काढीत, त्यांना १९४० साली ‘फॅनझीन’ हे नाव मिळाले आणि पुढे त्याचेच हे आखूड रूप रूढ झाले. शब्द नवा असला तरी वस्तू आपल्याला अपरिचित नाही. मराठीत तिला आपण ‘अनियतकालिक’ म्हणत आलो आहोत.

असा अंक हाती आला की वडीलधाऱ्यांची प्रतिक्रिया बहुधा दोहोंपैकी एक असते. ‘कागदाची नासाडी’ म्हणून तो बाजूला सारला जातो, किंवा ‘पोरांनी काहीतरी केले, छान आहे’ असे म्हणून न वाचताच पाठ थोपटली जाते. आमच्या मते या दोन्ही प्रतिक्रिया सारख्याच अन्यायकारक आहेत, कारण दोहोंतही वाचन झालेले नसते. स्वतःच्या हिमतीवर छापलेले लेखन कसे वाचावे आणि त्याची समीक्षा कशी करावी, याचा विचार मराठीतील काही उदाहरणांच्या आधारे करावा असे आम्हांस वाटते.

प्रथम एक जुने उदाहरण घेऊ. १८८२ साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी ‘स्त्रीपुरुष तुलना’ हे आपले पुस्तक पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापून घेतले. सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या एका विधवेवरील खटल्याने त्या काळी मोठी खळबळ माजवली होती, आणि सगळा दोष बाईच्याच माथी मारणाऱ्या पुरुषी न्यायावर ताराबाईंनी जळजळीत भाषेत कोरडे ओढले होते. पुस्तकाची भाषा पंडिती नाही. वाक्ये लांबतात, विषय मध्येच वळतो, घरातल्या भांडणातला सूर लेखनात उतरतो. ज्यांनी पुस्तकाची टवाळी केली, त्यांना हेच दिसले. त्या सुरामागची वेदना ओळखणारा एक वाचक मात्र निघाला. महात्मा फुले १८८५ साली ‘सत्सार’ या नावाने लहान लहान अंक काढीत होते. त्यांच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू घेतली. स्वबळावर छापलेल्या एका पुस्तकाचा कैवार स्वबळावर छापलेल्या दुसऱ्या एका पत्राने घेतला, ही गोष्ट आम्हांला फार अर्थपूर्ण वाटते. परंतु तेवढ्याने भागले नाही. ताराबाईंचे दुसरे पुस्तक आपल्याला ज्ञात नाही. त्यांचे हे एकमेव पुस्तकही विस्मरणात गेले आणि १९७५ साली स. गं. मालशे यांनी ते पुन्हा प्रकाशात आणले. मध्ये त्र्याण्णव वर्षे गेली. लेखन वाईट ठरले म्हणून ही वर्षे गेली नाहीत. वेळेवर पुरेसे वाचक मिळाले नाहीत म्हणून गेली.

आता आपल्या जवळच्या काळाकडे वळू. गेल्या शतकाच्या पन्नाशीच्या दशकात दिलीप चित्रे, अरुण कोलटकर, रमेश समर्थ या तरुणांनी मुंबईत ‘शब्द’ नावाचे चक्रमुद्रित अनियतकालिक काढले. पुढे साठीच्या दशकात अशोक शहाणे यांचे ‘असो’, भालचंद्र नेमाडे यांच्याशी निगडित असलेले औरंगाबादचे ‘वाचा’, राजा ढाले यांचे ‘येरू’ अशी एकेक नावे पुढे आली. नावेही पाहण्यासारखी आहेत. ‘साहित्य’, ‘ज्ञान’, ‘विचार’ असल्या भारदस्त शब्दांना फाटा देऊन या मंडळींनी बोलण्यातले साधे शब्द उचलले. चक्रमुद्रणाची रीतही तशीच साधी: टंकयंत्रावर स्टेन्सिल कापायचे, ते यंत्रावर चढवायचे, शाईचा रूळ फिरवायचा आणि पाने जुळवून टोचायची. छापखान्याचा खिळा जुळवणारा नको, प्रकाशक नको, कोणाची संमती नको. टपालातली सवलत ठरावीक मुदतीने निघणाऱ्या नोंदणीकृत पत्रांनाच मिळत असे. अनियताला पूर्ण दराची तिकिटे लावावी लागत. म्हणजे स्वातंत्र्याची किंमत प्रत्येक पाकिटावर मोजली जात होती.

हे स्वातंत्र्य कोणापासून हवे होते? त्या काळात मराठी लेखकाचे नाव होण्याचे मानाचे ठिकाण म्हणजे मौजेचे ‘सत्यकथा’ मासिक. श्री. पु. भागवत व राम पटवर्धन हे त्याचे संपादक. लेखकाशी पत्रव्यवहार करावा, कथा परत पाठवून ती पुन्हा लिहवून घ्यावी, शब्दाशब्दावर चर्चा करावी, ही त्यांची ख्याती. या दक्षतेने मराठी कथाकवितेचे मोठे हित झाले, हे कोणीही मान्य करील. पण दार एकच असले आणि त्यावर पहारेकरी कितीही सज्जन असला, तरी त्याला न रुचणारी वा न समजणारी भाषा बाहेरच राहते. १९६९ साली राजा ढाले व त्यांच्या मित्रांनी गिरगावातील खटाववाडीत, मौजेच्या दारात, ‘सत्यकथे’चा अंक जाळला. अंक जाळणे हे काही समीक्षेचे साधन नव्हे, असे आम्ही स्पष्टच म्हणू. ज्याला छापील शब्दाची किंमत कळते त्याने तो आगीत टाकू नये. मात्र त्या आगीमागचा प्रश्न खरा होता: कोणाची मराठी ही साहित्याची मराठी, आणि ते ठरवणार कोण?

येथेच आमच्या विवेचनाचा गाभा आहे. अनियतकालिकांनी पहारेकरी नाकारला. तो नाकारताना त्यांनी संपादकही गमावला. प्रकाशकाकडून आलेले पुस्तक आपल्या हाती पडते, तेव्हा कोणीतरी ते आपल्या आधी डोळ्यांत तेल घालून वाचलेले असते. फसलेले कडवे गाळलेले असते, अतिरेकी वाक्य आवरलेले असते. स्वतःच छापलेल्या अंकाला असा पहिला वाचक नसतो. तो पहिला कठोर वाचक होण्याचे काम आपोआप आपल्याकडे येते. म्हणून अशा अंकाच्या समीक्षेत नुसता निवाडा देऊन चालत नाही. संपादकाने करावयाचे काम वाचकाला उशिराने का होईना करावे लागते. आम्हां धर्मगुरूंना याची थोडी जाणीव असते, कारण रविवारच्या प्रवचनालाही संपादक नसतो. लोक दारात ‘छान झाले’ म्हणतात आणि घरी जातात. त्या ‘छान’ने प्रवचन कधीच सुधारत नाही.

हे काम कोणत्या मापाने करावे? आमच्या मते छपाईचे माप सैल असावे आणि भाषेचे माप मुळीच सैल नसावे. पुसट अक्षर, वाकडी ओळ, चुकलेला पृष्ठक्रमांक यांवर शेरे मारणे हा समीक्षकाचा आळस होय. पण पुसट विचार आणि उसनी प्रतिमा यांना ‘हौशी आहे’ म्हणून सूट देणे हा लेखकाचा अपमान होय. याबाबतीत अशोक शहाणे यांचे उदाहरण बोलके आहे. प्रस्थापित साहित्यावर ‘क्ष-किरण’ टाकणारा खळबळजनक लेख त्यांनी १९६३ साली लिहिला. पण पुढे त्यांनी स्वतःचे ‘प्रास प्रकाशन’ काढले तेव्हा पुस्तकाच्या अक्षराअक्षराची, कागदाची, मांडणीची जी काळजी वाहिली, ती भल्याभल्या प्रकाशकांनी शिकावी अशी होती. ‘अरुण कोलटकरच्या कविता’ हा संग्रह १९७७ साली प्रासने काढला. तोपर्यंत सुमारे दोन दशके कोलटकरांची मराठी कविता वाचू इच्छिणाऱ्याला निरनिराळी मासिके व अनियतकालिके धुंडाळावी लागत. स्वातंत्र्य म्हणजे गबाळेपणा नव्हे, हे या उदाहरणावरून दिसावे.

दुसरा प्रश्न कुटुंबांतून हमखास विचारला जातो: यांतली भाषा इतकी शिवराळ का? मुलांच्या हाती हे द्यावे काय? प्रश्न टाळण्यासारखा नाही. आमचे उत्तर असे की, शिवी वाचताना ती कोणाच्या तोंडची आहे आणि कोणत्या दुःखातून आली आहे, हे आधी पाहावे. या चळवळीच्या वातावरणात वाढलेल्या नामदेव ढसाळांचा ‘गोलपिठा’ १९७२ साली आला. विजय तेंडुलकरांनी त्याला प्रस्तावना लिहिली. पण ती लिहिण्यापूर्वी ते कवीबरोबर त्याच्या वस्तीत हिंडले, तिथले जग पाहिले, न कळलेल्या शब्दांचे अर्थ विचारून घेतले. समीक्षकाने केवढे श्रम घ्यावेत याचा हा वस्तुपाठ आहे. त्या कवितेतील शब्द हे तिथल्या माणसांच्या जगण्याचे शब्द आहेत. ते गाळले तर माणसेच गळतील. उलट, सुरक्षित घरात बसून केवळ धक्का देण्यासाठी तेच शब्द वापरणारे अनुकरणही त्या काळी पुष्कळ झाले. तिथे शिवी हा अलंकार झाला, आणि असा अलंकार उपमेइतकाच लवकर शिळा होतो. दोहोंतला फरक ओळखण्यास मुलांना शिकवणे हे अंक लपवून ठेवण्यापेक्षा अधिक उपयुक्त आहे. अर्थात कोणत्या वयात काय द्यावे, हे आईवडिलांनी स्वतः वाचून ठरवावे. न वाचता नव्हे.

या चळवळीचे दोषही मोकळेपणाने सांगितले पाहिजेत. बरेच अंक मित्रांनी मित्रांसाठी काढले. बाहेरच्या वाचकाला आत घेण्याची निकड त्यांना वाटली नाही. स्त्रियांचा आवाज त्यांत फार क्वचित ऐकू येतो. ताराबाईंच्या नंतर ऐंशी वर्षांनी निघालेल्या बंडखोर अंकांबाबत हे लिहावे लागते, ही खेदाची गोष्ट आहे. शिवाय बहुतेक अंक अल्पायुषी ठरले. याला लक्षणीय अपवादही आहे. औरंगाबादेत १९६७ साली सुरू झालेले ‘अस्मितादर्श’ हे मोठ्या प्रकाशनगृहाच्या आधाराशिवाय निघालेले त्रैमासिक. गंगाधर पानतावणे यांनी त्याचे संपादन निष्ठेने केले आणि दलित लेखकांच्या पिढ्या त्यातून लिहित्या झाल्या. संपादक आणि स्वातंत्र्य या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी नांदू शकतात, हे त्या त्रैमासिकाने दाखवून दिले.

आता आपल्या घराकडे वळू. धर्मग्रामांतील तरुण मंडळे हस्तलिखिते काढतात, सणाला झेरॉक्सचे अंक काढतात. असे जे अंक आम्ही वाचले, त्यांतून एक गोष्ट सतत जाणवते. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोलणारा मुलगा लिहायला बसला की वर्तमानपत्राच्या अग्रलेखाची मराठी लिहितो. ‘आजच्या धकाधकीच्या जीवनात’ हे वाक्य कोणत्याही अंकात सापडते. मात्र विकल्या गेलेल्या वाडीबद्दल आजी ज्या शब्दांत बोलते, ते शब्द सापडत नाहीत. मोठ्या मासिकाने बोलीतले लेखन नाकारले तर समजू शकते. पण जिथे कोणाचीही परवानगी लागत नाही, तिथेही आपणच आपल्या बोलीला परवानगी नाकारतो. सर्वांत मोकळ्या जागेत सर्वांत साचेबंद लेखन व्हावे, हा या अंकांचा मोठा दोष आहे आणि तो त्यांच्या संपादकांना स्पष्ट शब्दांत कळला पाहिजे.

तो कळवायचा कसा? उपाय साधा आहे. अंकाची किंमत असेल तर ती पूर्ण द्यावी. फुकट घेतलेला अंक सहसा न वाचलेला राहतो. अंक दोनदा वाचावा. मग संपादकाला एक पत्र लिहावे, आणि त्यात ‘स्तुत्य उपक्रम’ हे दोन शब्द कटाक्षाने टाळावेत. कोणते पान पुन्हा वाचावेसे वाटले, कोणत्या ओळीत लेखक खोटा वाटला, काय सांगायचे राहून गेले असे वाटते, एवढे नेमके लिहिले तरी पुरे. वर्षभर एकही पत्र न आलेला संपादक दुसरा अंक काढीत नाही. नुसती शाबासकीची पत्रे आलेला संपादक दुसरा अंक पहिल्यासारखाच काढतो. आणि अंक वाचून झाला म्हणजे रद्दीत घालू नये, कपाटात जपून ठेवावा. ‘स्त्रीपुरुष तुलना’ची एखादी प्रत कोणीतरी तशी जपली, म्हणूनच ती १९७५ साली मालश्यांच्या हाती लागू शकली.