लेण्याद्री : प्राचीन मंदिर की प्राचीन विहार?

अष्टविनायकांच्या यात्रेत लेण्याद्रीचा गिरिजात्मज हे एकच स्थान डोंगरावर, लेण्यांच्या रांगेत वसलेले आहे. गिरिजेने येथे बारा वर्षे तप केले व तिला गणेश पुत्ररूपाने लाभला, अशी कथा भाविकांना सांगितली जाते आणि यात्रेच्या पुस्तिकांतून या स्थानाचा गौरव 'प्राचीन मंदिर' म्हणून होतो. गेल्या वर्षावासात आमच्या विहारातील काही उपासक-उपासिकांसमवेत हे स्थान पाहण्याचा प्रसंग आला. तीनशेच्या आसपास पायऱ्या चढून गेल्यावर जे दिसले, त्याचे वाचन कसे करावे, एवढाच या लेखाचा विषय आहे.

'प्राचीन' हे विशेषण खरे आहे. प्रश्न आहे तो ते कोणत्या नामास लावावयाचे याचा. जुन्नरच्या उत्तरेस असलेल्या या डोंगरकड्यात सुमारे तीस लेणी आहेत. इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकांदरम्यान ती खोदली गेली आणि ती बौद्ध लेणी आहेत, याविषयी अभ्यासकांत वाद नाही. मंदिर आहे ते त्यांपैकी सातव्या क्रमांकाच्या लेण्यात. हे लेणे म्हणजे विहार होय. सुमारे ५७ फूट लांब, ५१ फूट रुंद आणि जेमतेम ११ फूट उंचीचा हा सभामंडप. त्यात एकही खांब नाही. एवढ्या मोठ्या सपाट छताला आधाराशिवाय तोलून धरावयाचे, तर कातळाचा थर नेमका ओळखता आला पाहिजे. त्या अनाम पाथरवटांना तो ओळखता आला होता, ही गोष्ट प्रथम नोंदविली पाहिजे. मंडपाच्या डाव्या-उजव्या भिंतींत प्रत्येकी सात आणि मागील भिंतीत सहा अशा एकूण वीस खोल्या आहेत. या खोल्या देवांच्या नव्हेत. पावसाळ्यात चारिका थांबवून एका जागी राहणाऱ्या भिक्खूंच्या त्या निवासाच्या जागा होत. कोणत्याही देवतेला वीस शयनगृहांची आवश्यकता नसते!

आता मागील भिंतीकडे पाहावे. तेथील मधल्या दोन खोल्यांमधील भिंत काढून टाकून एकच दालन केलेले आहे आणि त्यात गणेशमूर्तीची स्थापना आहे. दगडी वास्तूच्या अभ्यासात छिन्नीचा क्रम हाच कालक्रम असतो. जी भिंत आधी राखली गेली, तीच नंतर तोडता येते. म्हणजे विहार आधीचा, मंदिर नंतरचे, हे सिद्ध करण्यासाठी कोणत्याही पुराणाची वा पोथीची साक्ष काढावी लागत नाही. मूर्तीसमोर उभे राहून डोळे उघडे ठेवले की पुरे. येथे आणखी एक गोष्ट लक्षणीय वाटते. अजिंठ्याच्या पाचव्या शतकातील विहारांत मागील भिंतीच्या मध्यभागी बुद्धमूर्तीचे गर्भगृह येते. लेण्याद्रीचा विहार त्याहून जुना असल्यामुळे त्यात असे गर्भगृह नव्हते. मंदिर करणाऱ्यांनी आपले गर्भगृह नेमके त्याच जागी काढले. आकार मोडतानाही त्यांना विहाराच्याच आकाराच्या ओघाने जावे लागले.

यात्रेकरूंपैकी एका सुशिक्षित गृहस्थांनी आम्हांस विचारले, "अहो, ही बौद्धांची जागा होती म्हणता, तर येथे बुद्ध कुठे आहे?" प्रश्न प्रामाणिक होता, म्हणून त्याचे उत्तरही नीट दिले पाहिजे. ज्या काळात ही लेणी खोदली गेली, त्या काळी सह्याद्रीतील लेण्यांत तथागतांची मूर्ती कोरण्याचा प्रघात नव्हता. स्तूप हेच तथागतांचे प्रतीक आणि चैत्यगृह हेच वंदनाचे स्थान. येथील चैत्यगृह सातव्या लेण्याला लागून, सहाव्या क्रमांकाचे आहे. मूर्तीचा अभाव हा बौद्धांचा अभाव नव्हे. तो त्या लेण्याच्या वयाचा दाखला आहे. पण रिकामी भिंत पाहिली की तिच्यावर कोणीही आपली कथा लिहू शकतो. नाशिकच्या लेण्यांना 'पांडवलेणी' म्हणण्यात हेच घडले आहे.

कथा कोणत्याही असोत, कातळावरील अक्षरे बदलत नाहीत. सहाव्या लेण्यातील लेख सांगतो, की हे चैत्यगृह कल्याणच्या हेरणिकाचा पुत्र सुलसदत याचे दान आहे. त्यासाठी त्याने वापरलेला शब्द 'देयधम' असा आहे. जुन्नर परिसरातील इतर लेखांतून धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने दिलेले सात खोल्यांचे लेणे व पाण्याचे टाके आढळते. इरिल नावाचा यवन दोन टाकी देतो, चिट नावाचा यवन संघासाठी भोजनमंडप देतो. धान्य विकणारे, सोन्याचा व्यवहार करणारे, समुद्रापलीकडून आलेले परके, अशी ही दात्यांची यादी आहे आणि त्यांनी दिले काय, तर पिण्याचे पाणी, जेवणाची जागा, राहण्याची खोली. याच व्यापारी मार्गावर जुन्नरच्या पश्चिमेस नाणेघाट आहे. तेथील सातवाहन राणीच्या लेखात अश्वमेधादी यज्ञांची व त्यांत दिलेल्या गायी-हत्तींच्या दक्षिणांची गणती आहे. एकाच वाटेवरचे हे दोन लेख शेजारी ठेवून वाचावेत. गावोगावचे लोक संघाला काय देत होते आणि राजघराणे पुरोहितांना काय देत होते, हे इतक्या स्पष्टपणे महाराष्ट्रात अन्यत्र क्वचितच वाचावयास मिळते.

येथपर्यंत आपल्या वाचकांना माझे म्हणणे रुचेल. यापुढचे कदाचित रुचणार नाही. आपल्याकडे अलीकडे प्रत्येक जुने देऊळ हे मूळचे बुद्धविहार असल्याचे ठोकून देण्याची प्रवृत्ती वाढली आहे. भाषणात टाळ्या मिळतात, पुरावा कोणी मागत नाही. अशा दाव्यांनी सर्वांत मोठे नुकसान होते ते लेण्याद्रीसारख्या स्थळांचे. जेथे पुरावा निर्विवाद आहे तेथील सत्यही मग 'त्यांचे नेहमीचेच' म्हणून बाजूला सारले जाते. बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी २५ डिसेंबर १९५४ रोजी देहूरोड येथे पंढरपूरच्या विठोबाविषयी मोठे विधान केले, तेव्हा त्यावर आपण ग्रंथ लिहिणार असल्याचेही सांगितले होते. विधानाबरोबर सिद्धतेची जबाबदारीही येते, हे ते जाणून होते. त्यांच्या विधानाचा पुनरुच्चार आपण हजार वेळा केला; त्या अपूर्ण ग्रंथाचे काम किती जणांनी हाती घेतले?

आणखी एक कबूल केले पाहिजे. सातव्या लेण्यात भाविकांचा राबता आहे म्हणून तेथील फरशी झाडलेली असते. शेजारच्या लेण्यांत वटवाघळांचा वास येतो. त्या लेण्यांना वर्षाकाठी आपल्यापैकी किती जण भेट देतात? रांगेत उभे असलेले शेतकरी, त्यांच्या डोक्यावरची लहान मुले, नारळाच्या पिशव्या, यांच्याविषयी माझ्या मनात राग नाही. त्यांनी ती भिंत तोडलेली नाही. ती तोडलेली आहे हे त्यांना कोणी सांगितलेले नाही, एवढेच.

आमच्यासोबत एक वृद्ध उपासिका होत्या. त्यांचे वडील १९३० च्या काळाराम मंदिर सत्याग्रहात होते, असे त्या चढताना सांगत होत्या. मंडपाच्या दारापाशी त्या थबकल्या आणि म्हणाल्या, "सर, तवा आत जाऊ देत नव्हते. आता कोणी अडवीत नाही, तर मलाच कळंना जावं की नाही." मला चटकन उत्तर सुचले नाही. मी म्हणालो, "आई, हे संघाचे घर आहे. पाहुण्यासारखे जाऊ नका." त्या आत गेल्या. मूर्तीकडे न वळता डाव्या बाजूच्या खोल्या एकेक करून पाहू लागल्या, प्रत्येक दारात वाकून, कोणी झोपले असेल तर जाग येऊ नये अशा बेताने. सात खोल्या झाल्यावर पलीकडच्या सात. मागल्या भिंतीजवळ आल्यावर त्यांनी बोटांनी मोजले आणि विचारले, "मधल्या दोन कुठं हायेत?"

नंतर आम्ही सहाव्या लेण्यात गेलो. हत्ती-सिंहांच्या स्तंभशीर्षांमधून पुढे जाऊन त्यांनी स्तूपासमोर पंचांग प्रणाम केला आणि त्रिसरण म्हटले. आम्हीही त्यांच्या मागोमाग म्हटले. तेथे रांग नव्हती.