प्रेमाचा ग्रंथ आणि ग्रंथकाराची सावली

जाँ व्हानिए यांनी १९६४ साली फ्रान्समध्ये ‘लार्श’ परिवाराचा पाया घातला. मतिमंद म्हणवल्या जाणाऱ्या प्रौढांच्या लैंगिकतेविषयी त्यांनी १९८४ मध्ये फ्रेंच ग्रंथ लिहिला. त्याचे शीर्षक ‘उत्पत्ती’च्या पहिल्या अध्यायातून घेतलेले आहे. ही माणसे कायमची बालके नव्हेत, त्यांच्या ओढीमागे आपलेपणाची भूक असते, सांभाळणाऱ्यांनी ती भयाने दडपू नये, हे त्याचे सार आम्हांस आजही मोलाचे वाटते. आपल्याही घरांत पंचविशीच्या लेकीला ‘आमची बाळी’ म्हणून तिचे स्त्रीपण नाकारले जातेच.

परंतु हा ग्रंथ आता पूर्वीच्या विश्वासाने वाचता येत नाही. व्हानिए २०१९ मध्ये निवर्तले. लार्शनेच नेमलेल्या अभ्यासगटाच्या २०२३ च्या अहवालानुसार, आध्यात्मिक मार्गदर्शनाच्या मिषाने त्यांनी किमान २५ स्त्रियांशी लैंगिक स्वरूपाचे वर्तन केले. त्यांत बौद्धिक अपंगत्व असलेली कोणी नव्हती. तरीही ग्रंथातील उणीव उघडी पडते. सांभाळणाऱ्याच्या प्रेमाविषयी तो पुष्कळ सांगतो, त्याच्या सत्तेविषयी फार थोडे. ज्याच्या हातून रोज घास मिळतो, त्याला ‘नको’ कसे म्हणावे?

ग्रंथ टाकू नये. मात्र प्रेमाबरोबर नकाराचा हक्कही शिकवावा, आणि तो नकार आम्हां धर्मगुरूंनीही ऐकावा.