‘करून देणें’ कीं ‘करूं न देणें’? मोडी कागदांतील तुमंत रूपांचा विचार

इंग्रजी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यास ‘टू’ या एका शब्दानें जितकें छळलें असेल तितकें दुसऱ्या शब्दानें क्वचितच छळलें असेल. ‘अलाउ’ या क्रियापदापुढें ‘टू’ पाहिजे, पण जवळजवळ त्याच अर्थाच्या ‘लेट’पुढें तो येतां कामा नये. ‘मेक’पुढें तो नको, परंतु प्रयोग कर्मणि झाला कीं तोच पुन्हा हजर होतो. ‘स्टॉप टू टॉक’ म्हणजे बोलण्याकरितां थांबणें आणि ‘स्टॉप टॉकिंग’ म्हणजे बोलणें बंद करणें. हे भेद आपल्याकडे तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर पिढ्यान् पिढ्या घोकले गेले. मातृभाषेंतील याच प्रकरणाकडे मात्र, तें आपणांस येतच आहे अशा समजुतीनें, कोणी फारसें पाहत नाहीं. नित्याच्या बोलण्यांत यानें कांहीं बिघडत नाहीं. जुना कागद वाचतांना मात्र एखाद्या आज्ञेचा अर्थ पार उलटा होऊं शकतो, एवढेंच या लेखांत दाखवावयाचें आहे.

मराठींत ‘टू’सारखा सुटा शब्द नाहीं. येथें धातूचें रूप बदलतें, आणि कोणतें रूप घ्यावयाचें हें पुढील क्रियापद ठरवितें. देणें, लागणें, शकणें, इच्छिणें यांच्या मागें ‘करूं’ येतें. पाठविणें, सांगणें, शिकविणें यांच्या मागें ‘करावयास’ येतें. ‘तो बोलावयास थांबला’ आणि ‘तो बोलावयाचा थांबला’ या दोन वाक्यांत इंग्रजीइतकाच स्पष्ट भेद आहे. ‘करूं’ हें रूप संस्कृत ‘तुम्’ प्रत्ययाच्या वंशांतलें, ‘करावयास’ हें ‘तव्य’च्या वंशांतलें, आणि ‘करणें’ हें ‘अन’च्या. हें तिसरें रूप जुन्या पत्रांत आज्ञेचें काम करितें. ‘प्रतिवर्षीं नवीन पत्राचा आक्षेप न करणें’, ‘असल पत्र भोगवटियास परतोन देणें’ हीं इनामपत्रांतील ठराविक वाक्यें संग्राहकांच्या नित्य परिचयाचीं आहेत. त्याच काळच्या विनंतिपत्रांत ‘करावें’, ‘लोभ करावा’ असें येतें. ‘णें’ आणि ‘आवें’ यांतील हा भेद लिहिणाराच्या व घेणाराच्या दर्जाचा भेद होय; दोन्हींचें इंग्रजी ‘टू सेंड’ असें एकच करून टाकल्यास हुकूम कोणता व विनंति कोणती हें कळावयास मार्ग राहत नाहीं.

व्याकरणकारांनीं या रूपांचा विचार केला नाहीं असें नव्हे. दादोबा पांडुरंगांचें व्याकरण १८३६ सालचें. मोरो केशव दामल्यांचा ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ हा ग्रंथ १९११ सालचा. ज्यूल ब्लॉक यांचा फ्रेंच ग्रंथ परांजप्यांच्या भाषांतरानें १९४१ मध्यें मराठींत आला. राजवाड्यांनीं तर बीडच्या बाजूस मिळालेल्या पोथीवरून ज्ञानेश्वरी छापली, आणि त्याच १९०९ सालीं तिच्या भाषेचें व्याकरणहि प्रसिद्ध केलें. पोथी आणि व्याकरण हीं एकाच हातानें तपासावीं, हा धडा त्यांनीं घालून दिला. परंतु व्याकरणकार शब्द सुटे झाल्यावर विचारास आरंभ करितो. मोडी वाचणारास शब्द सुटे करण्यासाठींच व्याकरण लागतें. खरी अडचण येथें आहे.

मोडींत ओळ आधीं आंखून अक्षरें तिला टांगलेलीं असतात. शब्दाशब्दांत अंतर नाहीं, ऱ्हस्वदीर्घाचा भेद नाहीं, आणि अनुस्वार देणें न देणें लेखकाच्या मर्जीवर. आतां अशा ओळींत ‘करुनदेणे’ हीं पांच अक्षरें आलीं असें समजावें. हीं ‘करून देणें’ अशीं तोडलीं तर काम उरकून द्यावें असा हुकूम होतो. ‘करूं न देणें’ अशीं तोडलीं तर तेंच काम होऊं देऊं नये अशी मनाई होते. ‘लिहून देणें’ व ‘लिहूं न देणें’, ‘जाऊन देणें’ व ‘जाऊं न देणें’ यांची गत हीच. कोणी म्हणेल कीं विभक्तीवरून निर्णय लागेल. पण तीहि पुष्कळदां दगा देते. ‘मोकदमास वसूल घेऊनदेणे’ असें वाक्य कल्पावें. वसूल घेऊन तो मोकदमास द्यावा, हा एक अर्थ; मोकदमास वसूल घेऊं देऊं नये, हा दुसरा. ‘मोकदमास’ ही चतुर्थी दोहोंकडे सारखीच बसते. ज्या घराण्याचा हक्क त्या कागदावर उभा, त्याच्या दृष्टीनें हा केवळ शुद्धलेखनाचा प्रश्न नव्हे.

निर्णयाचीं साधनें मात्र आहेत. पहिलें साधन त्याच लेखकाचा हात. अठराव्या शतकांतील पुष्कळ कागदांत ‘करोन’, ‘परतोन’, ‘लिहोन’ अशीं ओकारयुक्त रूपें आढळतात. ज्या कागदांत हीं रूपें एकसारखीं आहेत, त्यांत मध्येंच ‘करुनदेणे’ आल्यास तें ‘करूं न देणें’ असण्याचा संभव बळावतो; कारण ‘करून’ म्हणावयाचें असतें तर लेखकानें आपल्या संवयीप्रमाणें ‘करोन’ लिहिलें असतें. दुसरें साधन कर्म. ‘उपद्रव’, ‘कजिया’ यांच्यापुढें मनाईच संभवते. ‘बंदोबस्त’, ‘हिशेब’, ‘वसूल’ हे शब्द मात्र दोन्ही बाजूंस जातात; तेथें मागील मजकूर, म्हणजे तक्रार कोणाची व कोणाविरुद्ध, हें पाहिल्यावांचून पुढें जाऊं नये. तिसरें साधन आमच्या निजामी मुलखांतील संग्राहकांस विशेष उपयोगी आहे. बीड, वडवणी, परळी हा टापू १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानांत होता. त्यामुळें एकाच प्रकरणाचा मराठी कागद आणि पुढील काळचा उर्दू तर्जुमा किंवा निवाडा एकाच रुमालांत बांधलेला असूं शकतो. उर्दूंत ‘कर देना’ आणि ‘करने न देना’ यांत घोटाळ्यास जागा नाहीं, कारण तेथें तुमंताचें रूपच निराळें. असा जोडकागद असेल तर तो आधीं उलगडावा.

चौथी गोष्ट साधनाहून इशाऱ्याची अधिक आहे. वडवणीकडील बोलींत ‘काय करू लागलास?’ किंवा ‘काय करायलास?’ याचा अर्थ ‘काय करीत आहेस?’ असा होतो. पुण्याकडे ‘करूं लागला’ म्हणजे करण्यास आरंभ केला. वहिवाटीच्या तंट्यांतील जबानींत ‘शेत करूं लागला’ असें आलें तर कसणें तेव्हां सुरू झालें कीं आधींपासून चालूं होतें, यावर मुदतीचा सारा हिशेब बदलतो. वाचकानें आपल्या गांवची बोली, मग ती वडवणीची असो वा पुण्याची, त्या वाक्यावर लादूं नये. त्याच जबानींतील इतर ‘लागणें’ गोळा करून ताडून पाहावें.

राहिली छापणारांची रीत. कागद छापतांना संपादक शब्द तोडतो, अनुस्वार घालतो, ऱ्हस्वदीर्घ सुधारतो, आणि वाचकाच्या सोयीसाठीं तें करणें भागच असतें. दोष सुधारण्याचा नव्हे, न सांगतां सुधारण्याचा आहे. एकदां ‘करून देणें’ असें छापलें गेलें म्हणजे तेथें दुसरा पाठ संभवत होता ही गोष्टच नाहींशी होते. सरदेसायांच्या संपादकत्वाखालीं १९३० ते १९३४ या काळांत पेशवे दफ्तराचे ४५ भाग निघाले. पत्रांच्या माथ्यावरील इंग्रजी सारांशांनीं परप्रांतीय अभ्यासकांची मोठी सोय झाली, हें उपकार विसरण्याजोगे नाहींत. पण सारांश तो सारांश. ‘लेट’, ‘अलाउ’, ‘ऑर्डर’ यांपैकीं जो शब्द त्यांत येईल तो संपादकाच्या निर्णयाचा. मूळ ओळीचा पुरावा तो नव्हे. केवळ सारांशावर इमारत उभारणारानें निदान पत्राखालचें क्रियापद पाहून घ्यावें.

यासाठीं संपादकांस सूचना एवढीच कीं, जेथें ‘ऊन’ आणि ‘ऊं न’ असे दोन्ही पाठ संभवतात तेथें मूळ अक्षरांची रांग न तोडतां तळटीपेंत द्यावी, आणि घातलेला अनुस्वार आपला कीं लेखकाचा हें चिन्हानें दाखवावें. याला खर्च एका ओळीचा. संग्राहकांनींहि नक्कल उतरून घेतांना शब्द तोडण्याची घाई करूं नये. असल कागद वाळवीच्या तोंडीं गेला तर पुढें नक्कल हीच असल ठरते, आणि तींत हुकुमाची मनाई झालेली असली तर ती दुरुस्त करावयास मागें कांहींच उरत नाहीं.